दसऱ्यानंतरची मुठा

किस्से कोणी गोळा करत नाही. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी गाळ बसतो तसे ते आपसूक साठतात आणि कधीतरी झाकण उघडलं की कळतं, अरे बापरे, एवढं होतं होय! परवा रशीदभाईंच्या नातीच्या लग्नात आमच्या जुन्या प्रयोगशाळेतले आम्ही चौघे एका टेबलावर बसलो आणि झाकण उघडलं. बिर्याणी गार झाली तरी कोणी हलेना.

चौघे म्हणजे कोण ते आधी सांगते. साठे सर आमचे प्रमुख. आता वयानं वाकलेत, जीभ मात्र सरळच आहे. रशीदभाई आमची जीप चालवायचे. भवानी पेठेतलं जुनं घराणं, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. प्रशांत वानखेडे यवतमाळकडचा, सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. आणि मी नीला उपाध्ये, प्रयोगशाळा सहायक. म्हणजे बाटल्या धुण्यापासून मशीन चालवण्यापर्यंत, जे काम कोणाचंच नसतं ते माझं.

काळ तो, जेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि पुण्यातला प्रत्येक हुशार मुलगा गळ्यात ओळखपत्र अडकवून कंपनीच्या बसची वाट बघत होता. आम्ही तेव्हा नदीचं पाणी बाटलीत भरत होतो.

•

आम्ही नक्की काय करतो, हे आमच्या घरच्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा वारज्याच्या एका नव्या सोसायटीतल्या बाई टँकरच्या पाण्याची बाटली घेऊन तपासायला आल्या.

"पिण्याजोगं आहे का एवढंच सांगा," त्या म्हणाल्या.

"ते दुसरीकडे सांगतात," साठे सर म्हणाले. "आम्ही पाण्यात विरघळलेला पाला मोजतो."

"पाला? तो तर आम्ही गाळूनच घेतो."

"चहा गाळल्यावर पत्ती चोथ्यात जाते. रंग कुठे जातो?"

"कपात."

"तो आम्ही मोजतो. डोंगरातल्या जंगलाचा चहा होतो, तो ओढ्यानं नदीत येतो, धरणात उन्हात पडून फिका होतो आणि मग शहरात येतो. कुठे किती होता, कुठे गेला, हे आमचं काम."

बाईंनी बाटली पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "आणि याचा पगार मिळतो?"

सर म्हणाले, "उशिरा."

•

प्रशांत आला तो संत्री घेऊन. पहिल्याच दिवशी, घरच्या झाडाची, पिशवी भरून. गुणी पोरगा, सगळ्यांना स्वतः सोलून देऊ लागला. कुठे, तर मशीनच्या खोलीत!

आमचं मशीन पाण्यातला कार्बन मोजायचं, आणि कार्बन म्हणजे जगातली जवळजवळ प्रत्येक वासाची वस्तू. म्हणून त्या खोलीत केसाला तेल लावून यायचं नाही, अत्तर नाही, गजरा नाही. बाटल्या काचेच्याच हव्यात, त्याही भट्टीत तापवून घेतलेल्या. मला तर लग्नाच्या वाढदिवशी गजरा फाटकावरच्या रखवालदाराच्या खिडकीत ठेवून आत यावं लागलं होतं. संत्र्याच्या सालीचा तो बारीक तुषार उडाला आणि त्या दिवशीचे सगळे आकडे आभाळाला भिडले.

सरांनी कागद बघितला, फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "वानखेडे, संत्री गोड आहेत. पण मुठेला बाधली."

त्या दिवसानंतर प्रशांत इतका काटेकोर झाला, की आमच्या घरी जेवायला आला तरी हात धुऊन आधी हुंगायचा.

•

त्याच्या अभ्यासासाठी एकदा सडक्या पालेभाजीचं पाणी करायचं होतं. शहरातून नदीत काय जातं ते बघायला. सरांनी त्याला मंडईत पाठवलं.

मंडईतल्या मावशींना त्यानं विचारलं, "मावशी, सडका पालक आहे का?"

मावशींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझ्या गाळ्यावर?"

"नाही म्हणजे, मला सडकाच पाहिजे."

"अहो, चार माणसांत काय बोलताय तुम्ही? माझ्याकडे ताजाच मिळतो. सडका पाहिजे तर घरी नेऊन सडवा."

पोरगा मुकाट्यानं ताज्या जुड्या घेऊन आला आणि आम्ही त्या सडण्याची वाट बघत बसलो. एवढी ताजी भाजी मी घरी कधी नेली नव्हती. त्यातली एक जुडी रशीदभाईंनी मधेच उचलली. विचारलं तर म्हणाले, "नीलाताई, सगळ्याच सडवायच्या असं कुठे लिहिलंय का?"

•

आता प्रशांतच्या वडिलांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून आहे. ते दर रविवारी प्रशांतच्या खोलीमालकाकडे फोन करायचे. प्रशांतचा खोलीतला जोडीदार हिंजवडीला लागला होता, त्यामुळे तुलना आयतीच होती.

"तो पोरगा कम्प्युटरवर बसते," वडील म्हणायचे, "अन् तू काय करून राह्यला? पाण्यातला पाला मोजून राह्यला? आपल्या वावराच्या धुऱ्यावर काय कमी पाला हाय?"

त्यालाही त्याच कंपनीतून बोलावणं आलं होतं. पोराला जायचं नव्हतं. त्याला नदीच आवडायची, खरंच आवडायची. वरच्या ओढ्याचं तपकिरी पाणी उन्हाकडे धरून तो असा बघायचा, की आम्हालाच चोरट्यासारखं वाटायचं. शेवटी बापलेकात ठरलं. येत्या उन्हाळ्यापर्यंत प्रबंध झाला तर ठीक, पुढचं त्याचं तो बघेल. नाही झाला, तर गळ्यात ओळखपत्र आणि पहाटेची बस.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत हिंजवडी हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे.

•

पानशेतकडून येताना एकदा नाक्यावर जीप अडवली. रविवार होता. खडकवासल्याला मजा करून येणारी मंडळी त्याच रस्त्यानं परततात आणि हवालदार त्यांचीच वाट बघत होता. मागे बघतो तर खोकीच्या खोकी तपकिरी बाटल्या!

"काय आहे?"

"पाणी," प्रशांत म्हणाला.

"तपकिरी बाटलीत?"

"ऊन लागू नये म्हणून."

"पाण्याला?"

हवालदारानं एक बूच काढायला हात घातला. प्रशांत किंचाळलाच, "हात नका लावू, तुमच्या हाताला तेल असेल!" झालं. हवालदाराचा चेहरा असा झाला, की आता आपण सगळे चौकीत, हे मी मनाशी धरलं.

रशीदभाई शांतपणे खाली उतरले. "साहेब, हे लोक पानशेतहून परत चाललेत. दारू असती तर बाटल्या अजून भरलेल्या असत्या का?"

हवालदारानं क्षणभर विचार केला, आमच्या तोंडाकडे बघितलं आणि हातानं जायची खूण केली.

•

आमच्याकडे एक भलामोठा फ्रिज होता. नदीवर प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरायच्या. एक मशीनसाठी, दुसरी बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये. ती उघडायची नाही. "एक नदीची, एक नशिबाची," असं सर म्हणायचे. वर्षानुवर्षांच्या नशिबाच्या बाटल्या साठल्या होत्या. माझा ताकाचा तांब्या ठेवायला जागा नव्हती.

एकदा संस्थेत मोठी परिषद ठरली. पाहुण्यांसाठी शीतपेयं गार करायची होती, म्हणून आमचे कार्यालयीन अधीक्षक स्वतः येऊन सांगून गेले, की फ्रिजमधलं जुनं पाणी फेकून द्या.

सर जागेवरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "जरूर. पण जुन्या पाण्यापासूनच सुरुवात करायची तर आधी खडकवासला रिकामं करून या. मग आमचं बघू."

पाहुण्यांनी शीतपेयं कोमट प्यायली. अधीक्षक आमच्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि ते वर्ष फार सुखाचं गेलं.

•

सर असे, सगळ्या बाबतीत फटकळ, देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. पण दसऱ्याला ते वेगळेच व्हायचे. त्यांच्या वडिलांचा छापखाना होता आणि दसऱ्याला यंत्राची पूजा केल्याशिवाय छापखाना उघडायचा नाही, ही घरची रीत. ती त्यांनी प्रयोगशाळेत आणली.

एरवी गजऱ्याला मज्जाव असलेल्या त्या खोलीत त्या दिवशी झेंडूची माळ यायची. मशीन त्या दिवशी बंदच असायचं, त्यामुळे कोणाच्या मनात काही यायचं नाही. मशीनला हळदकुंकू, जीपला हार, आणि समोर ट्रेमध्ये मांडलेल्या बोटाएवढ्या काचेच्या कुप्या, ज्यात पाणी भरून मशीनला द्यायचं त्या. सगळा साठा, भट्टीतून ताजा काढलेला, तोंडं उघडी. सर सोवळं नेसायचे नाहीत एवढंच. बाकी उदबत्तीचा जुडगा हातात घेऊन ते एकेका ओळीवरून फिरवायचे. "सगळ्यांना धूर लागला पाहिजे. वर्षभर यांच्याच जिवावर खातो आपण." मग आपट्याची पानं आणि पेढे.

दुसऱ्या दिवशी त्याच कुप्या कामाला. भट्टीतून काढलेली कुपी परत धुवायची नाही, वापरून झाली की मगच धुऊन पुन्हा भट्टीत, हा सरांचाच नियम होता.

•

आता डॉ. कट्टी. त्यांना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं, पण घाबरायचो सगळे. मूळचे बेळगावकडचे, कर्नाटकातल्या एका नदीवर सबंध आयुष्य घातलेले. त्यांचा सिद्धांत आमच्या विषयात जो तो सांगायचा: पाऊस संपला, की ऑक्टोबरात जमिनीत मुरलेला पाल्याचा अर्क हळूहळू झिरपत नदीत येतो आणि आकडा एकदम चढतो. त्यांच्या नदीत दर ऑक्टोबरला चढायचा. आणि प्रशांतचे बाहेरचे परीक्षक म्हणून नेमके तेच ठरले होते.

प्रशांतच्या मुठेतही दर ऑक्टोबरला आकडा चढत होता. किती आनंद झाला होता आम्हाला! सर म्हणाले, "वानखेडे, तुम्ही अर्धे पास झालात. परीक्षकाला स्वतःची नदी दिसली, की तो पुढचं वाचत नाही."

प्रबंध जवळजवळ लिहून झाला. दसरा झाला, शेवटचा ऑक्टोबर मोजायला घेतला, आणि माझ्या हातून एक कुपी फुटली.

रोज सकाळी मशीन नीट आहे का बघायला आधी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, त्याचा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. त्याची कुपी वेगळी, तिची डबीही वेगळी. तीच फुटली. म्हटलं, असू दे, ट्रेमधली घेऊ. घेतली, पाणी भरलं, मशीनला दिलं. आकडा आला तो जवळपास नदीएवढा.

मी दुसरी कुपी घेतली. तेच. तिसरी. तेच. प्रशांतला हाक मारली, तो सरांना घेऊन आला. सरांनी कागद हातात धरला आणि म्हणाले, "या पाण्यात मासे सोडा. जगतील."

प्रशांतनं एक कुपी उजेडात धरली. मग नाकाला लावली. त्याचा चेहरा पडत गेलेला मी बघितला.

"सर," तो म्हणाला, "चंदन."

कुपीच्या गळ्याला हळदीचा एक ठिपका होता.

•

त्या दुपारी सर तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले. प्रशांतच्या प्रबंधातल्या सगळ्या ऑक्टोबरांना उदबत्तीचा वास लागला होता. नदीचे आकडे परत आणायचे कुठून? गेलेल्या वर्षांतलं पाणी केव्हाच समुद्राला मिळालं होतं. प्रशांत खिडकीशी उभा होता. मला रडूच यायला लागलं. एवढ्या मेहनतीच्या पोराला एका उदबत्तीपायी ती बस पकडावी लागणार, हे काही केल्या सहन होईना.

तेवढ्यात रशीदभाई किल्ली ठेवायला आत आले. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "असं होय. मग ते फ्रिजमधलं पाणी कशासाठी राखलंय आपण? मला वाटलं, अशा दिवसासाठीच."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ज्या फ्रिजपायी अधीक्षकांशी वैर धरलं, त्याची आठवण आमच्यापैकी एकालाही झाली नव्हती!

मग कुप्या धुतल्या, पुन्हा भट्टीत घातल्या, आणि नशिबाच्या बाटल्या उघडल्या. सगळ्या ऑक्टोबरांच्या. मी आकडे वाचत होते, प्रशांत लिहीत होता. एकेक आकडा स्वच्छ. वरचा ओढा, धरण, वारज्याचा पूल, संगम, सगळं जसं असायला हवं तसं. हायसं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. खुर्चीत बसले ती बसूनच राहिले. सरांनी स्वतःच्या हातानं चहा करून आणला. फार वाईट झाला होता.

चहा संपल्यावर प्रशांतनं जुने आणि नवे कागद शेजारी ठेवले आणि हळूच म्हणाला, "सर, पण आता ऑक्टोबरात काही चढतच नाही."

"नाही चढत."

"आणि परीक्षक कट्टी सर आहेत."

सर म्हणाले, "हो. आता ते पुढचं वाचतील."

•

तोंडी परीक्षेला प्रशांतचे वडील यवतमाळहून आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात पिशवी, पिशवीत संत्री. मी ती दारातच ताब्यात घेतली. ते बाहेरच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "बाई, जे होईल ते होईल. पोरगं वाळून गेलं हो."

डॉ. कट्टी बुटके, अबोल, चष्म्यावरून बघणारे. प्रशांत बोलला ते छान बोलला. धरणात उन्हानं पाण्याचा रंग आधी जातो आणि कार्बन मागे रेंगाळतो, हे त्यानं दाखवलं तेव्हा कट्टी सरांनी दोनदा मान हलवली. मग त्यांनी ऑक्टोबरचं पान उघडलं. समोर शेऱ्याचा कागद होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"माझ्या नदीत ऑक्टोबरमध्ये चढतं. तुमच्यात का नाही?"

प्रशांत म्हणाला, "सर, आधी चढत होतं."

"मग?"

"मग आम्हाला कारण सापडलं."

"इथे नुसतं लिहिलंय, हाताळणीतला दोष. कसला दोष?"

प्रशांतनं साठे सरांकडे बघितलं. सांगितलं तर सरांची फजिती, न सांगितलं तर त्याचीच. सर उभे राहिले.

"माझा दोष," ते म्हणाले. "दसऱ्याला मशीनची पूजा असते आमच्याकडे. कुप्यांना उदबत्ती मी ओवाळतो."

कट्टी सरांनी पेनाला टोपण लावलं. मग ते पान मिटून त्यांनी विचारलं, "इथे एसटीडी बूथ कुठे आहे? माझ्या प्रयोगशाळेत फोन करायचाय."

फाटकाबाहेर चहावाल्याशेजारी बूथ होता. ते पुढे, आम्ही सगळे मागे, सगळ्यांत मागे प्रशांतचे वडील. ते काचेच्या खोक्यात शिरले, दार लावलं. आम्ही चहाच्या बाकाशी उभे. ऐकू काहीच येत नव्हतं, आलं असतं तरी कानडी. कट्टी सरांनी काहीतरी विचारलं. ऐकलं. पुन्हा विचारलं. मग चष्मा काढून कपाळ पुसलं. भिंतीवरचे लाल आकडे पळत होते आणि ते नुसते रिसीव्हर धरून उभे होते.

बाहेर आले तेव्हा सरळ प्रशांतपाशी गेले आणि हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर वानखेडे. शेरा आत जाऊन लिहितो. आधी चहा."

वडील माझ्या कानाशी आले. "झालं का मग?"

"झालं," मी म्हणाले, आणि त्यांनी तिथेच रस्त्यावर कोणाला तरी हात जोडले.

चहावाल्यानं ग्लास पुढे केले. साठे सर कट्टी सरांच्या शेजारी जाऊन बसले. मग सरांनी हळूच विचारलं, "उदबत्ती?"

कट्टी सरांनी चहाचा घोट घेतला.

"धूप," ते म्हणाले. "पहिल्या वर्षापासून."